डेटोना 2001 : शेवटच्या वीस फेऱ्या

18 फेब्रुवारी 2001, रविवार. अमेरिकेतल्या फ्लोरिडात डेटोना 500 ही स्टॉक कार शर्यत दुपारी सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे लोक रात्रीच्या शेवटच्या गाड्यांनी अंबरनाथ-बदलापूरला परतत होते. ती संपली तेव्हा इकडे सोमवारची पहाट जवळ आली होती. त्या दिवशी विजेता ठरला तो उशिरा, शर्यत थांबवून पुन्हा सुरू केल्यावर. शेवटच्या वळणावर मात्र आणखी काही घडले. त्याची उलटी मोजणी नऊ महिने आधीपासून करावी लागते.

नऊ महिने आधी

12 मे 2000. न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर सरावात चालक ॲडम पेटी भिंतीवर आदळून मरण पावला. वय 19. दोन महिन्यांच्या आत त्याच ट्रॅकवर केनी अर्विन गेला. ऑक्टोबरमध्ये टेक्सासच्या शर्यतीत टोनी रोपर. अशा धडकेत गाडी भिंतीवर थांबते, छाती पट्ट्यांनी जखडलेली राहते, डोके मात्र त्याच वेगाने पुढे फेकले जाते आणि कवटीचा तळ फुटतो. यावर उपाय होता. रॉबर्ट हबर्ड या प्राध्यापकाने आणि त्याचा मेहुणा, रेसर जिम डाउनिंग याने 1980च्या दशकातच ‘हान्स’ बनवले होते : खांद्यावर बसणारी कडक कॉलर आणि तिला हेल्मेट बांधणारे पट्टे. नॅस्कर या आयोजक संस्थेने ते सक्तीचे केले नव्हते. अडचण होते म्हणून बहुतेक चालक ते टाळत.

साधारण 3 तास 25 मिनिटे आधी

दुपारी सव्वा एकच्या सुमारास (भारतात रात्री पावणेबारा) हिरवे निशाण पडले. 43 गाड्या, अडीच मैलांचा ट्रॅक, 200 फेऱ्या, म्हणजे सुमारे 805 किलोमीटर. वळणावर रस्ता 31 अंशांनी कललेला. काही क्षणांत निकाल लागणारी बैलगाडा शर्यत पाहणाऱ्याला हे तीन तासांचे प्रकरण लांबलचक वाटेल, पण इथे गाड्या एकमेकींना खेटून पळतात. आदल्या वर्षी शर्यत कंटाळवाणी झाली होती. आघाडी अवघी 9 वेळा बदलली होती. म्हणून गाड्यांच्या टपावर पट्टी बसवून हवेचा अडथळा वाढवला गेला. त्यामुळे गाड्यांचा कळप फुटेना. या वर्षी आघाडी 49 वेळा बदलली.

काळ्या 3 नंबरच्या शेव्हरलेमध्ये डेल अर्नहार्ट. वय 49, सात वेळा अजिंक्यपद मिळवलेला. तोंड उघडे राहणारे हेल्मेट, हान्स नाही.

सुमारे 45 मिनिटे आधी

चारच्या सुमारास, 173व्या फेरीत, मागच्या सरळ पट्ट्यावर धक्का लागला आणि दीड डझन गाड्या एकमेकींवर आदळल्या. टोनी स्टुअर्टची गाडी हवेत उलटीपालटी झाली. इतक्या भीषण दृश्यानंतरही तो वाचला. लाल निशाण लागले, गाड्या जागच्या जागी थांबल्या.

पिवळ्या निशाणाखाली गाड्या हळू फिरत राहतात आणि त्या फेऱ्या मोजल्या जातात. लाल निशाणाखाली मोजणीच थांबते. त्यामुळे शेवट पूर्ण वेगात होण्याइतक्या फेऱ्या शिल्लक राहिल्या. ट्रॅक साफ व्हायला 16 मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला.

सुमारे 17 मिनिटे आधी

सव्वाचार उलटून गेल्यावर पुन्हा हिरवे निशाण. उरल्या साधारण 20 फेऱ्या. 184व्या फेरीत मायकेल वॉल्ट्रिपने आघाडी घेतली. 462 शर्यतींत त्याला एकही विजय मिळाला नव्हता. त्याच्या मागे डेल अर्नहार्ट ज्युनियर. दोघेही अर्नहार्टच्याच संघाचे. स्वतः अर्नहार्ट तिसरा. आपला चालक आणि आपला मुलगा पुढे राहावेत म्हणून तो मागच्यांना अडवून धरत होता, असे जाणकार मानतात. समालोचन करत होता मायकेलचा थोरला भाऊ डॅरेल.

शून्य

4 वाजून 39 मिनिटे (भारतात पहाटे 3:09). शेवटची फेरी, चौथे वळण. स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा स्पर्श झाला. अर्नहार्टची गाडी आधी खाली घसरली, मग एकदम वर वळली. केन श्रेडरच्या गाडीशी धडक होऊन ती ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने काँक्रीटच्या भिंतीवर गेली. पुढे वॉल्ट्रिपने रेषा ओलांडली.

स्टुअर्टच्या अपघातापुढे हा किरकोळ दिसत होता. श्रेडरने उतरून आत पाहिले आणि तातडीने मदतीसाठी हात केले.

37 मिनिटांनंतर

5 वाजून 16 मिनिटांनी हॅलिफॅक्स रुग्णालयात अर्नहार्टला मृत घोषित केले गेले. कारण तेच : कवटीच्या तळाचे फ्रॅक्चर. सातच्या सुमारास नॅस्करचे अध्यक्ष माइक हेल्टन यांनी जगाला सांगितले. आपल्याकडे तेव्हा कामावर निघालेले लोक बदलापूरच्या फलाटावर उभे होते.

त्यानंतर

गाडीतला एक पट्टा तुटलेला सापडला आणि त्यावर महिनोन्महिने वाद चालला. ऑगस्टच्या अहवालात नॅस्करने एकाहून जास्त कारणे दिली. ऑक्टोबर 2001मध्ये डोके-मान धरून ठेवणारे साधन सक्तीचे झाले. पुढे भिंतींवर धक्का शोषणारे अडथळेही बसले. तेव्हापासून नॅस्करच्या तिन्ही प्रमुख राष्ट्रीय मालिकांत शर्यतीदरम्यान एकही चालक दगावलेला नाही.

शेवटच्या वीस फेऱ्यांनी विजेता ठरवला. मृत्यूची तयारी आधीच झाली होती, तीन मरणे पाहूनही ‘ज्याची त्याची मर्जी’ म्हणण्यात.

हे दूरच्या ट्रॅकपुरते नाही. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरच्या चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. मागच्या सीटवरचे दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. उल्हासनगरहून अंबरनाथ-बदलापूरला जाताना मागे बसून पट्टा लावणारे किती दिसतात? पुढच्या वेळी मागच्या सीटवर बसाल तेव्हा गाडी सुरू होण्याआधी पट्टा लावा, आणि शेजारच्यालाही लावायला लावा.