नवी मुंबईच्या सेक्टरात लाकडी वाचनालय टिकेल का? पाऊस, वाळवी आणि दोन टन पुस्तकांचा हिशेब

लाकडी इमारत म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वाळवीचं काय?" दुसरा पावसाचा आणि तिसरा आगीचा. नवी मुंबईत तर वर्षाला दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मग इथल्या एखाद्या सेक्टरात लहानसं लाकडी वाचनालय बांधणं शहाणपणाचं आहे का? उत्तर 'हो' असं आहे, पण त्याला अटी आहेत.

जवळचं उदाहरण मुंबईतलं आहे. वास्तुविशारद नुरू करीम यांच्या 'न्यूड्स' या संस्थेनं २०१९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या हिरवळीवर 'बुकवर्म' नावाचा लाकडी मंडप उभारला. सुट्या भागांची जोडणी करून तयार झालेली ही नागमोडी रचना मुलांना पायऱ्यांसारखी चढता यायची आणि त्याच पायऱ्यांच्या पोटात पुस्तकांचे कप्पे होते. सुमारे १२ हजार पुस्तकं मावतील अशी ती आखलेली होती. काम झालं की भाग सुटे करून दुसरीकडे नेता येतात, ही यातली खरी गंमत. काँक्रीटला हे जमत नाही.

दुसरं उदाहरण इंडोनेशियातल्या सेमारांगचं. तिथं 'शाऊ' या संस्थेनं २०२० मध्ये 'वारक कायू' हे छोटं सार्वजनिक वाचनालय खांबांवर उभं केलं. वर वाचनाची खोली, खाली मोकळी सावली आणि भला मोठा झोपाळा. चौकटी चौकटींची लाकडी जाळी ऊन अडवते आणि वारा आत सोडते, त्यामुळे एसी लागत नाही. सेमारांगची हवा आपल्यासारखीच दमट आहे, म्हणून हे उदाहरण युरोपातल्या कुठल्याही लाकडी इमारतीपेक्षा आपल्या जास्त कामाचं.

तरी दोन्हींची नक्कल करून चालणार नाही. उघड्या मंडपातली पुस्तकं डिसेंबरात छान दिसतात. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा कागदाला बुरशी धरते. याचं उत्तर कोकणातल्या जुन्या घरात सापडतं. माजघर बंद आणि कोरडं, ओटी आणि पडवी उघडी. वाचनालयाचंही तसंच करावं. पुस्तकांची खोली लहान आणि नीट बंद होणारी, तिच्याभोवती बसून वाचायला रुंद पडवी. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला छप्पर किमान चार फूट पुढे काढावं. लाकडाला भिजण्याची तेवढी भीती नसते, ओलं राहण्याची असते. भिजलेलं लाकूड वाऱ्यानं सुकत असेल तर ते अनेक दशकं टिकतं.

वाळवीचा बंदोबस्तही याच तत्त्वावर होतो. लाकडाचा खांब जमिनीत पुरायचाच नाही. दीड-दोन फूट उंच दगडी किंवा काँक्रीटच्या जोत्यावर लोखंडी बूट बसवून त्यात खांब उभा करायचा. वाळवी मातीची नळी करत वर चढते, आणि जोतं उघडं असेल तर ती नळी झाडताना दिसते. जोत्याला खेटून कुंड्या किंवा रद्दी ठेवली की ही सोय संपली! बोरॉनसारखी औषधं छपराखालच्या लाकडाला चांगली, उघड्या पावसात मात्र ती धुऊन जातात.

आता वजन. एक मीटर फळीवर साधारण ४० पुस्तकं बसतात, म्हणजे २० ते २५ किलो. चार हजार पुस्तकांना १०० मीटर फळी लागते आणि दोन टनांहून जास्त भार येतो. भारतीय मानकांनुसार पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो पेलेल अशी धरावी लागते. घराच्या खोलीसाठी हाच आकडा २०० आहे. म्हणून कपाटं पडवीत नकोत, मधल्या मजबूत भागात हवीत. फळी १९ मिलिमीटर जाडीची असेल तर दोन आधारांतलं अंतर पाऊण मीटरच्या पुढे नेऊ नये, नाहीतर वर्षभरात ती वाकते.

इमारतीच्या स्वतःच्या वजनात मात्र लाकूड जिंकतं. ते काँक्रीटपेक्षा चार-पाच पट हलकं असतं. खाडीकाठच्या भरावाच्या, मऊ चिकणमातीच्या जमिनीवर हा मोठाच फायदा, कारण पाया लहान लागतो. वारा हलक्या छपराला उचलू पाहतो, त्यामुळे छप्पर, खांब आणि जोतं लोखंडी पट्ट्या-बोल्टनी एकमेकांत जखडावं लागतं. खर्च वाचवायला हेच बोल्ट गाळले जातात, आणि ती काटकसर सगळ्यात महागात पडते.

आगीबद्दलचा समज थोडा उलटा आहे. जाड तुळईचा पृष्ठभाग जळून कोळसा होतो आणि तो आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. अर्ध्या तासात साधारण २० मिलिमीटर थर जातो, म्हणून तेवढी जास्तीची जाडी आधीच धरतात. खरा धोका कागदाचा आणि कच्च्या वायरिंगचा. वायरी पाइपातून, दोन दारं बाहेर उघडणारी, अग्निशामक नळकांडी हाताशी, एवढं तरी हवंच.

लाकूड आणायचं कुठून? कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो आणि लाकूड टिकेल तोवर तो तिथंच राहतो. पण जंगल तोडून आणलेल्या सागाला 'पर्यावरणपूरक' म्हणणं ही थट्टा झाली. जुन्या इमारती पाडल्यावर निघालेलं सागवान हा सर्वांत चांगला पर्याय. ते वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, फक्त खिळे काढून आणि कीड तपासून घ्यायचं. पडवीच्या जाळीला प्रक्रिया केलेला बांबू चालतो. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणं आणि नेणं सोपं झालं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं १९९३ पासून सरकारी बांधकामात लाकडावर असलेली बंदीही २०२० मध्ये उठवली.

जागेचा अंदाज बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधून येतो. चार्ल्स कोरिया यांनी तिथं सात घरांमध्ये सुमारे ८ बाय ८ मीटरचं अंगण ठेवलं. एवढ्या जागेत, म्हणजे ६४ चौरस मीटरमध्ये, चार हजार पुस्तकं आणि वीसेक वाचक आरामात बसतात. अंगणावर बांधायचं नाही अर्थात, माप तेवढं घ्यायचं. प्रत्यक्षात भूखंड सिडकोचा की महापालिकेचा आणि तो कशासाठी राखीव आहे, हे नकाशा काढण्याआधी पाहावं लागतं.

उरतो चालवण्याचा प्रश्न. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार सरकारी अनुदान मिळतं. या पैशांतून लाकडाची देखभाल सहसा निघत नाही. दर मे महिन्यात गटारं साफ करणं, बोल्ट आवळणं, उघड्या लाकडाला तेल देणं आणि पडवीची कुजलेली एखादी फळी बदलणं, या कामांसाठी वर्गणीचा वेगळा हिशेब आणि त्यावर लक्ष ठेवणारा एक माणूस पहिल्या वर्षापासून ठरलेला असावा लागतो.