विलायती गाडी, देशी आटे

जुन्या मोटारींचा विषय निघाला की आपल्याकडचे लोक राजवाड्याकडे बोट दाखवतात. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधली राजाराम महाराजांची मेबॅक हे त्याचे ठरलेले उदाहरण. गाडी पाहण्याजोगी आहे यात शंका नाही. पण एक तर ती जर्मन आणि दुसरे म्हणजे ती राजाची. मला लिहायचे आहे ते निपाणी, संकेश्वर, चिकोडी, बेळगाव या टापूत डॉक्टर, वकील आणि तंबाखूचे व्यापारी यांच्या दारात उभ्या असणाऱ्या साध्या विलायती गाड्यांविषयी. या गाड्यांचा आपल्याकडचा खरा इतिहास त्यांच्या दुरुस्तीत आहे, असे माझे मत आहे. ते मत बनायला आमच्या घरातली एक वही कारणीभूत झाली.

वडील निपाणीत डॉक्टर होते. १९५५ साली त्यांनी बेळगावात एक वापरलेली मॉरिस मायनर घेतली आणि त्याच दिवशी लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही घातली. गाडीवर झालेला प्रत्येक खर्च तिच्यात आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी वही म्हणजे दप्तरखानाच. सुरुवातीच्या नोंदी रुपये-आणे-पैत आहेत. १९५७ च्या एप्रिलपासून नवे पैसे येतात. पुढे कधीतरी मैलांच्या जागी किलोमीटर येतात. पाट्यांवरचे राज्यही बदलत गेले. गाडी घेतली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात, म्हणून नंबराची सुरुवात इंग्रजी ‘बी’ या अक्षराने. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९७३ ला त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि १९८९ नंतरच्या नव्या गाड्यांवर केए २२, केए २३ आले. आमच्या गाडीचा नंबर मात्र वडिलांनी जपला. आमच्या भागात माणसाला कुठले राज्य असे विचारले तर उत्तराला वेळ लागतो. त्या गाडीची पाटी एका अक्षरात सांगून मोकळी होत असे.

मॉरिस आपल्याकडे आली ती बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्समुळे. १९४२ साली स्थापन झालेली ही कंपनी आधी गुजरातेत ओखा बंदरावर होती, १९४८ मध्ये ती बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेली. मायनरला तिथे ‘बेबी हिंदुस्थान’ असे लाडके नाव मिळाले. मद्रासेत स्टँडर्ड कंपनी व्हॅनगार्ड आणि पुढे १९६१ पासून हेरल्ड काढू लागली. १९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरवले, की नुसती जोडणी करणाऱ्यांना जागा नाही, भाग इथेच बनले पाहिजेत. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. धोरण देशाच्या हिताचे असेलही, पण ज्यांच्या दारात आधीच विलायती गाडी होती त्यांची पंचाईत झाली. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या पेढ्यांवर भाग मिळाला तर मिळाला, नाहीतर गाडी ठोकळ्यांवर.

इथे आमचा टापू उपयोगी पडला. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तिथेच कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांचा उद्योग उभा केला. पुढे जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढचे सगळे ओतकाम त्यांच्यामुळेच आले असे म्हणणे ताणल्यासारखे होईल. उसाचे चरक, विहिरीवरची ऑईल इंजिने, साखर कारखाने यांची दुरुस्ती हीच इथल्या फौंड्र्यांची आणि लेथची शाळा. कोल्हापूरचे उद्यमनगर आणि बेळगावचे उद्यमबाग ही तिचीच मोठी झालेली मुले. चरकाचा दात ओतणाऱ्याला मोटारीचा भाग ओतणे अगदीच परके नव्हते.

वहीतली १९६३ ची एक नोंद मला पाठ आहे. ‘तवंदी घाटाखाली पुढचे डावे चाक आत मुडपले.’ मायनरचे पुढचे चाक ज्या पिनवर वळते तिच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि गाडीचा भार त्या आट्यांवर येतो. तिथे वेळच्या वेळी ग्रीस गेले नाही तर आटे झिजतात आणि एके दिवशी चाक बसकण मारते. त्या वर्षी पावसाळ्यात ग्रीस राहून गेले होते. गाडी बैलगाडीला बांधून निपाणीत आणली. नवा भाग मिळणे नव्हते. आमचे मिस्त्री (सगळे त्यांना अण्णाच म्हणत) झिजलेला भाग फडक्यात गुंडाळून एस.टी.ने कोल्हापूरला गेले आणि तिसऱ्या दिवशी लेथवर नवा कातून घेऊन आले. तो भाग आजही गाडीत आहे.

अण्णांना सगळ्यात जास्त छळले ते आट्यांनी. इंग्रजांचे व्हिटवर्थ आटे ५५ अंशांचे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये बसवून दिलेले. त्या पान्यांवर लिहिलेले माप बोल्टच्या दांड्याचे असते, डोक्याचे नव्हे. त्यामुळे नवख्याच्या हाती पाना कधीच बरोबर येत नाही. पण मायनरच्या त्या जुन्या ९१८ सी.सी. इंजिनाची तऱ्हा आणखी वेगळी. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. यंत्रे फ्रेंच मापाची, ती बदलायचा खर्च कोण करणार? म्हणून बोल्टांचे आटे मेट्रिक राहिले आणि डोकी मात्र इंग्रज मिस्त्रींच्या पान्यांत बसावीत म्हणून व्हिटवर्थची केली. आत एक भाषा, बाहेर दुसरी. घरात मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणाऱ्या आम्हा निपाणीकरांना यात नवल वाटायचे कारण नव्हते. अण्णांनी शेवटी प्रत्येक बोल्टचा एकेक नमुना विड्यांच्या रिकाम्या डब्यात घालून ठेवला.

१९७१ मध्ये एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड तडकले. ते बेळगावातल्या एका छोट्या फौंड्रीत ओतून घेतले. लाकडी साचा सुताराने केला, ओतीव थोडे जाड आले, वजनही वाढले. पण पुन्हा ते कधी तडकले नाही. त्याच्या खालच्या अंगाला साच्यातली एक गाठ उमटलेली दिसते.

आता वादाचा मुद्दा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, व्यापारी वापरात नसलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ती दहा वर्षांसाठी. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवण्याची मुभा. इथवर सगळे चांगले. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. आमची मायनर या अटीत बसते असे मला वाटते. पण निपाणी-चिकोडी रस्त्यावर दहा-दहा माणसे भरून वडाप करणाऱ्या त्या अँबॅसेडरांचे काय? अँबॅसेडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्डच. १९५७ च्या सुमारास आलेली, २०१४ मध्ये बंद झालेली. पेट्रोल महागल्यावर तिच्यात मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवणारे हात हे आपल्या यंत्रविद्येचे मोठे प्रकरण आहे. नियमाच्या लेखी ती गाडी बिघडवलेली.

नियमाचे सोडा, हौशी मंडळीही तसेच म्हणतात. माझा पुतण्या पुण्यात असतो, मॉरिसवर त्याचा फार जीव. मायनरचे नवे भाग इंग्लंडात अजून बनतात. त्याने ब्रेकचे सिलिंडर आणि रबरे मागवली, ती मी आनंदाने बसवून घेतली, कारण ब्रेकमध्ये इतिहास जपायचा नसतो. मग तो म्हणाला, “काका, ते बेळगावचे मॅनिफोल्डही काढू या. गाडी ओरिजिनल होईल.” त्याला मी गाडीचे बॉनेट दाखवले. मधोमध एक सपाट पट्टी आहे. अलेक इसिगोनिसला १९४८ मध्ये गाडी बाजारात येण्याआधी ती अरुंद वाटली. त्याने नमुना मधोमध उभा कापायला लावला आणि चार इंच रुंद केला. बंपर आधीच बनून पडले होते, तेही कापून मध्ये तुकडा घातला. म्हणजे जोड कारखान्यातच लागला. मग बेळगावचा जोड तेवढा खोटा कसा? पुतण्या हसला, पण त्याला पटलेले नाही. अजून आमचे पत्राने नाही तरी फोनवर भांडण चालू असते.

त्याचे एक म्हणणे मला मान्य करावे लागते. हात राहिले नाहीत तर माझा युक्तिवाद कोरडाच. अण्णा गेले. त्यांचा नातू उद्यमबागेत संगणकावर चालणाऱ्या लेथवर काम करतो आणि मापे मिलिमीटरमध्ये मागतो. गेल्या वर्षी पेट्रोलची नळी गळू लागली. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि ते जुने रबर खाते. ऊस आपल्याच शिवारातला, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार! नातवाने सगळ्या नळ्या बदलल्या, पंपातला पडदाही. जाताना त्याने मॅनिफोल्डच्या खालच्या गाठीवरून बोट फिरवले आणि लाकडी साचा अजून आहे का, असे विचारले. आहे, माळ्यावर, तंबाखूच्या पोत्यात गुंडाळलेला. तो घेऊन गेला आहे. मी वहीत तशी नोंद केली, तारखेसह.