जुन्या एमएक्स-५ ची ऑइल गळती घरच्या घरी कशी शोधायची आणि थांबवायची?

गाडीखाली काळा डाग दिसला की आपण खाली वाकून बघतो, थेंब कुठे लटकलाय ते शोधतो आणि ठरवून टाकतो की गळती तिथलीच आहे. बहुतेक वेळा ती तिथली नसते. ऑइल वरून निघतं, इंजिनच्या अंगावरून ओघळतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि मग सगळ्यात खालच्या टोकाला जमून ठिबकतं. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: अ‍ॅप क्रॅश होतं एका ओळीवर, चूक असते तिसऱ्याच फाइलमध्ये.

या लेखात उदाहरण घेतलंय माझदा एमएक्स-५ चं, म्हणजे अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात आणि जपानमध्ये जी आधी यूनोस रोडस्टर नावाने विकली गेली तिचं. १९८९ मध्ये शिकागो ऑटो शोमध्ये ही दोन सीटची, उघड्या टपाची छोटी गाडी पहिल्यांदा दाखवली गेली. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. भारतात माझदाने ती कधी विकली नाही. मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो, इथे जुन्या एमएक्स-५ अजून बऱ्याच दिसतात आणि माझ्याकडे १९९२ ची १.६ लिटरची आहे. तुमच्याकडे दुसरी कुठली जुनी गाडी असली तरी गळती शोधायची पद्धत तीच राहते, फक्त पार्टच्या जागा बदलतात.

थोडंसं गळतंय, चालू द्यावं का?

नुसतं झिरपणं आणि ठिबकणं यात फरक आहे. तीस वर्षांच्या इंजिनवर थोडा ओलसरपणा असणारच, त्याच्यासाठी रात्रीची झोप घालवू नका. पण तीन गोष्टी झाल्या तर थांबायचं नाही. एक, ऑइल गरम एक्झॉस्टवर पडत असेल (जळका वास आणि बॉनेटमधून धूर). यातून आग लागू शकते. दोन, ऑइल रबरी होजवर पडत असेल. ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं आणि एक दिवस कूलंटचा होज फुटतो. तीन, डिपस्टिकवरची पातळी दर आठवड्याला खाली जात असेल.

डॅशबोर्डच्या काट्यावर मात्र विसंबू नका. सुरुवातीच्या एमएक्स-५ मध्ये ऑइल प्रेशरचा गेज खरा होता. १९९५ च्या सुमारास कंपनीने तो बदलला आणि नंतरच्या गाड्यांत काटा प्रेशर कमी असो की जास्त, निवांत मधे उभा राहतो. आतमध्ये फक्त चालू-बंदचा स्विच आहे. यूआय डिझाइनचा इतका खोटारडा नमुना मी दुसरा पाहिला नाही. डिपस्टिक खोटं बोलत नाही, तीच बघा.

ब्रिटनमध्ये आणखी एक कारण आहे. २०१८ पासून इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत पर्यावरणाला धोका होईल इतकी गळती असेल तर गाडी नापास होते.

आधी धुवा, मग शोधा

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून सगळे टाळतात, आणि पैसे इथेच वाया जातात. इंजिन गार असताना डिग्रीझर मारा, ब्रशने घासा, पुसून घ्या. प्रेशरने पाणी मारू नका, कनेक्टरमध्ये जातं. मग संशय असलेल्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आणा आणि परत बॉनेट उघडा. पांढऱ्या पावडरीत ऑइलची ओली रेघ सरळ उठून दिसते. ती रेघ वरच्या दिशेने शोधत जायची. रेघेचं सगळ्यात वरचं टोक, तीच गळतीची जागा.

इथे फोन खूप कामाला येतो. इंजिनच्या मागे डोकं जात नाही, पण फोन जातो. टॉर्च लावून व्हिडिओ करा, नंतर निवांत थांबवून बघा. धुतल्यानंतर लगेच एक फोटो आणि चालवून आल्यावर त्याच कोनातून दुसरा. दोन फोटो शेजारी ठेवले की वाद उरत नाही. एवढं करूनही सापडलं नाही तर ऑइलमध्ये टाकायचा यूव्ही डाय मिळतो, अंधारात यूव्ही टॉर्चखाली तो चमकतो.

खरा गुन्हेगार: एक छोटी ओ-रिंग

आता एमएक्स-५ ची खासियत. १.६ चं इंजिन माझदाच्या ३२३ या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीच्या कुटुंबातलं. तिथे ते आडवं बसायचं. एमएक्स-५ मध्ये ते नव्वद अंशांत फिरवून उभं बसवलं. त्यामुळे ३२३ मध्ये ज्या टोकाला हात सहज पोहोचायचा, ते टोक इथे केबिनच्या भिंतीला जाऊन चिकटलं. आणि नेमकं त्याच टोकाला, सिलिंडर हेडच्या मागे, कॅम अँगल सेन्सर आहे. कॅमशाफ्ट किती फिरला हे तो कॉम्प्युटरला सांगतो. सेन्सर जिथे हेडमध्ये घुसतो तिथे एक रबरी ओ-रिंग असते. तीस वर्षं उष्णतेत राहून ती प्लास्टिकसारखी कडक आणि चपटी होते, आणि ऑइल सुटतं.

ते ऑइल हेडच्या मागून खाली उतरतं, वाटेत हीटरच्या होजवर पडतं आणि शेवटी बेलहाउसिंगवरून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचावरून ठिबकतं. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील गेलं तरी ऑइल नेमकं तिथूनच ठिबकतं! एका गॅरेजने मला हेच मागचं सील सांगितलं होतं, म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचं काम. इंजिन धुऊन कोणी बघितलं नव्हतं. धुतल्यावर रेघ सेन्सरपासून सुरू झालेली दिसली. ओ-रिंग साधारण एका कॉफीच्या किमतीत आली.

बदलायची कशी? बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. सेन्सरचा कनेक्टर सोडवा. सेन्सर आणि हेड या दोघांवर मिळून पेंटमार्करने एक सरळ रेघ मारा, फोटोही काढा. ही रेघ विसरायची नाही, कारण सेन्सर थोडा जरी फिरला तरी इग्निशन टायमिंग बदलतं. मग १२ मिमीचा बोल्ट काढायचा. इथे कॉइल पॅक मधे येतो आणि बोटं सोलून निघतात, तेव्हा छोटा पाना आणि भरपूर संयम लागतो. सेन्सर हलक्या हाताने फिरवत बाहेर ओढा. जुनी ओ-रिंग काढा, खाच पुसा, नवी ओ-रिंग इंजिन ऑइलमध्ये बुडवून बसवा. सिलिकॉन सीलंट इथे अजिबात लावायचं नाही. सेन्सरच्या टोकाची खूण एकाच बाजूने बसते. बसत नसेल तर ठोकू नका, अर्धा फेरा फिरवून बघा.

रेघ जुळवून बोल्ट आवळला की गाडी चालेल. तरी टायमिंग लाइट मागून आणून खात्री करून घ्या. इंजिन गरम करा, बॉनेटखालच्या डायग्नोसिस डबीत टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं तारेने जोडा आणि पुलीवरची खूण १० अंशांवर येते का बघा. तार नंतर काढायला लागते.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग

दुसरा नंबर याचा. कॅम कव्हर म्हणा किंवा आपल्याकडचे मेकॅनिक म्हणतात तसं टॅपेट कव्हर, त्याखालचं रबरी पॅकिंग कडक होतं. स्पार्क प्लगची वायर उपटल्यावर खड्ड्यात ऑइल दिसलं तर निदान झालंच. एक्झॉस्टच्या बाजूने गळत असेल तर वर सांगितलेला धूर इथूनच येतो.

काम सोपं आहे. वायरी आणि व्हॅक्यूमचे पाइप काढा, १० मिमीचे बोल्ट सोडवा, कव्हर उचला, दोन्ही पृष्ठभाग कापडाने लख्ख पुसा. अ‍ॅल्युमिनियमवर स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. नवं पॅकिंग बसवताना सीलंट फक्त कोपऱ्यांत, जिथे कॅमशाफ्टचं टोपण आणि हेड भेटतात तिथे, चण्याएवढं. बाकी सगळीकडे कोरडं.

आणि आता बोल्ट. कंपनीचा आकडा ५ ते ९ न्यूटन-मीटर आहे. हे किती कमी आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, चाकाचे नट साधारण १०० च्या आसपास असतात. 'गळतंय म्हणून अजून आवळू' हा आपला स्वभाव, पण जास्त आवळलं की पॅकिंग बाहेर पिळलं जातं किंवा अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. छोटा टॉर्क पाना घ्या, मधल्या बोल्टपासून बाहेर जात दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

कव्हर हातात आहेच तर त्यावरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा. खुळखुळ वाजला तर ठीक. नाही वाजला तर तो तुंबलाय, आणि इंजिनमधली वाफ बाहेर जायला जागा नसल्याने प्रेशर प्रत्येक सीलमधून ऑइल ढकलतंय. असं असताना नवी पॅकिंग घालूनही गळती परत येते.

बाकीचं

पुढून गळत असेल तर कॅमशाफ्टची आणि क्रँकची पुढची सील असतात. ती टायमिंग बेल्टच्या मागे आहेत, म्हणून बेल्ट बदलतानाच करून घ्या. १९९१ पर्यंतच्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे आणि पुलीचा बोल्ट चुकीचा आवळला तर क्रँकच खराब होतो. ते काम अनुभवी माणसाकडे द्या. मागचं सील खरंच गेलं असेल तर क्लच बदलायच्या वेळेपर्यंत थांबा, गिअरबॉक्स तेव्हा उतरणारच आहे. गळती थांबवणारी बाटलीतली औषधं मी वापरत नाही. ती रबर फुगवतात, चांगलं असलेलंही.

खाली जायची वेळ आली तर सपाट जमीन, चाकांना अडण आणि दोन जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

काम झाल्यावर गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि रोज सकाळी तारखेसह फोटो काढा. पहिले दोन-तीन दिवस थेंब पडतील, ते कानाकोपऱ्यात अडकलेलं जुनं ऑइल असतं. आठवड्याने पुठ्ठा कोरडा राहिला नाही तर परत धुवा आणि पावडर मारा. काढलेलं ऑइल आणि ऑइलने भिजलेली फडकी गटारात किंवा घरच्या कचऱ्यात नाही, डब्यात भरून कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर द्यायची.