आठ सेहेचाळीस

घड्याळात ८.४५ झालेत. डोंबिवली पूर्वेतल्या चार मजली सोसायटीच्या अंगणात तुम्ही उभे आहात. आज शुक्रवार, २६ जानेवारी २००१. सेक्रेटरी दोरी ओढतायत, पण झेंड्याची गाठ काही सुटत नाही. पोरं खिदळतायत. पुढच्या मिनिटात काय होणार ते इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे, आणि सांगून विश्वास कोण ठेवणार?

गाठ सुटते, फुलं पडतात. जमिनीवर उभ्या असलेल्या कोणाला काही जाणवत नाही. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत येऊन ओरडतात, "अहो, पंखा बंद आहे तरी हलतोय!"

"आजी, बीपीची गोळी घेतलीत का?" खालून कोणीतरी विचारतं. हशा पिकतो, वेफर्सच्या पुड्या फुटतात आणि माथेरानला निघालेली मंडळी स्टेशनकडे पळतात. तुम्हीही त्यांच्यातच.

कर्जत लोकलमध्ये अंताक्षरी रंगलीय. कल्याणला गाडी भरते. समोरच्या बाकावर मुलुंडहून बसलेलं, माथेरानलाच निघालेलं एक कच्छी कुटुंब आहे. बाई डबा उघडून थेपले आणि छुंदा सगळ्यांपुढे फिरवतात. तुमच्या हातावरही एक येतो, मेथीचा, अजून कोमट. शाळा सुटल्या की भुजला माहेरी जायचंय, दोन वर्षांत जाणं झालं नाही, असं त्या सांगत असतात. तुम्ही आणखी एक थेपला मागता. दुसरं बोलणार तरी काय?

नेरळला उतरून टॅक्सी, दस्तुरी नाका, मग चालत. गुडघ्यापर्यंत लाल माती. शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आल्यानं बाजारात गर्दी आहे, त्यात निम्मी गुजराती. एका हॉटेलच्या दारात माणसं माना उंच करून टीव्ही बघतायत. 'आज तक' सुरू होऊन अजून महिनाही झालेला नाही. पडद्यावर अहमदाबाद आहे: बहुमजली इमारती तळमजल्यावरच बसलेल्या, ढिगाऱ्यावर चढलेली माणसं. "किल्लारीसारखंच," कोणीतरी म्हणतं. १९९३च्या त्या गणेश विसर्जनानंतरची भूकंपाची पहाट इथे कोणी विसरलेलं नाही.

एसटीडी बूथपुढे रांग लागलीय. अहमदाबादचे नंबर पाच-सहा प्रयत्नांनी लागतायत. लागला की माणूस डोळे पुसत बाहेर येतो आणि पोरांना चिक्की घ्यायला निघतो. त्यात वावगं काही नाही, त्याची माणसं जिवंत आहेत. मुलुंडच्या बाई भुजचा कोड ०२८३२ फिरवतायत. या मार्गावरच्या सर्व लाइन्स व्यस्त आहेत, असं यंत्र सांगतं. बूथवाला समजावतो, "ताई, टीव्हीवर भुजचं काहीच दाखवत नाहीत, म्हणजे तिथे ठीक असेल."

इथे मात्र तुम्हाला त्याचा हात धरावासा वाटतो. कॅमेरे अहमदाबादला आहेत, फोन अहमदाबादला लागतायत, म्हणून बातमी अहमदाबादची. भूकंपाचा केंद्रबिंदू तिथून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब, कच्छमध्ये भचाऊजवळ आहे. भुजचं सरकारी रुग्णालय कोसळलंय. जखमींवर ज्युबिली मैदानात उघड्यावर उपचार चाललेत. अंजारच्या अरुंद गल्ल्यांतून प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली शाळेची मुलं दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेलीयत, १८५ मुलं आणि त्यांचे २० शिक्षक. हे सांगायला तिथे फोन उरलेला नाही. मृतांचा आकडा आज शेकड्यांत बोलला जातोय, तो पुढे वीस हजारांच्या घरात जाईल.

बाई पुन्हा नंबर फिरवतात. ग्रुपमधली पोरं एको पॉइंटसाठी हट्ट धरतात आणि मंडळी जातातही. तिकीट काढून आलेली सहल अशी मध्येच सोडवत नाही.

रात्री डोंबिवलीत कोपऱ्यावरच्या कच्छी शेठचं दुकान बंद आहे. सोसायटीच्या जिन्यात मात्र सभाच भरलीय. ब्लँकेटं गोळा करायची ठरतं, आजींच्या बीपीची थट्टा करणारा सगळ्यांत आधी पाचशे रुपये काढतो. मग कोणीतरी विचारतं, "अहमदाबादच्या त्या बिल्डिंगांखाली पार्किंग होतं ना? भिंती नाहीत, नुसते खांब?"

सगळे आपल्या स्टिल्टकडे बघतात. चार खांबांवरचं प्लास्टर गळून सळया दिसतायत.

"इंजिनिअरला दाखवू या," सेक्रेटरी म्हणतात.

"दाखवा की," खजिनदार म्हणतात, "पण खर्चाला जनरल बॉडीची मंजुरी लागेल."