वाळ्याचा पडदा आणि शीतयंत्र

चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस असलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें गेल्या वैशाखांत मला एक प्रश्न विचारला. सोलापूर-पुणें रस्त्याच्या बाजूला, उघड्या माळावर, त्यानें घर बांधावयास काढलें आहे. त्या घरांत पाण्यावर चालणारा कूलर बसवावा कीं हवा गोठविणारा एसी, हा तो प्रश्न. त्याचे वडील कूलरच्या बाजूचे, पत्नी एसीच्या. "सर, तुम्ही इतिहासाचे, तुम्हीच निवाडा करा," असें तो म्हणाला तेव्हां मला हंसूं आलें. पण मागाहून विचार करतां असें दिसलें कीं या प्रश्नाला खरोखरच इतिहास आहे; आणि तो ठाऊक नसल्यामुळेंच कूलर गरिबाचा व एसी श्रीमंताचा, एक जुना व दुसरा नवा, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांतहि रूढ झाला आहे.

पाणी सुकतांना भोवतालची उष्णता शोषून घेतें, या एकाच नियमावर माठ, घाम आणि कूलर हे तिन्ही चालतात. एक लिटर पाणी सुकण्यास जितकी उष्णता लागते, तितकींत नळाचें सुमारें सात लिटर पाणी उकळीस आणतां येईल. हा नियम शास्त्रानें मांडण्याच्या फार पूर्वींपासून लोकांच्या वापरांत होता. अबुल फजलनें आईन-इ-अकबरींत सोऱ्यानें पाणी गार करण्याची कृति आणि वाळ्याच्या ओल्या पडद्यांचे खसखाने या दोहोंचीहि नोंद केली आहे. इंग्रजी अमदानींत कचेऱ्यांच्या व बंगल्यांच्या दारांना वाळ्याचे तट्टे लागले. पुढें एकोणिसाव्या शतकांत मोठ्या लाकडी पेटींत पंखा बसवून, तो माणसाकडून फिरवून, ओल्या वाळ्यामधून वारा आंत ढकलणारें यंत्रहि निघालें. आजच्या कूलरचा तो सरळ पूर्वज होय. दुसरी वाट तयार गारवा बाहेरून आणण्याची. १८३३ सालीं बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचें बर्फानें भरलेलें जहाज कलकत्त्यास लागलें, आणि गोठलेला गारवा ही आपल्याकडे सागरी व्यापाराची वस्तु झाली.

या दोन्ही वाटा पुढें कारखान्यांत शिरल्या, आणि येथेंच सोलापूरचा संबंध येतो. सोलापुरांत पहिली सूतगिरणी १८७७ सालीं सुरू झाली. तिलाच लोक पुढें 'जुनी गिरणी' म्हणूं लागले. कापसाचा धागा कोरड्या हवेंत ठिसूळ होऊन तुटतो, म्हणून गिरणीला दमट हवा लागते. मुंबईला ती समुद्रानें पुष्कळशी फुकट दिली. पठारावरील गांवांना ती करून घ्यावी लागली. आपल्या देशांतील गिरण्या त्यासाठीं हवेंत पाण्याचे तुषार सोडीत, कित्येकदां वाफहि सोडीत. तुषारांनीं हवा निवते, वाफेनें मात्र ती आणखी तापते. तेव्हां सूत शाबूत राही आणि माणूस घामाघूम होई. १९४८ च्या कारखाना कायद्यांत या कृत्रिम दमटपणासाठीं पंधरावें कलम स्वतंत्रपणें घातलेलें होतें. हवेंत मिसळावयाचें पाणी सार्वजनिक पुरवठ्याचें किंवा पिण्याच्या पाण्याचें असावें, नाहींपेक्षां आधीं नीट शुद्ध करून घ्यावें, असें तें सांगत असे. कूलरच्या टाकींत आठ-आठ दिवस तेंच पाणी ठेवून डांसांची पैदास करणाऱ्या गृहस्थांनीं हें कलम अवश्य ध्यानांत घ्यावें.

'वातानुकूलन' या अर्थाचा मूळ इंग्रजी शब्दहि कापडधंद्यांतच जन्मला. अमेरिकेंतील शार्लट शहरचे गिरणी-अभियंते स्टुअर्ट क्रॅमर यांनीं तो १९०६ सालीं योजिला, आणि त्यांच्या मनांत होतें तें हवेला ओलावा देणें! त्याच्या चार वर्षें आधीं, १९०२ सालीं, विलिस कॅरिअर यांनीं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठीं याच्या नेमकें उलट काम केलें होतें. दमट हवेंत कागद फुगे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर बसत नसत. म्हणून त्यांनीं थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यांतील पाणी काढून घेतलें. तात्पर्य, हवेला पाणी देणारें आणि हवेचें पाणी हरण करणारें हीं दोन्ही यंत्रें एकाच काळांतलीं भावंडें आहेत. त्यांतील एक मागासलेलें व दुसरें पुढारलेलें असें नसून, दोघांचीं कामें भिन्न आहेत.

आतां आपल्या गांवचा हिशेब पाहूं. मे महिन्याच्या तिसऱ्या प्रहरीं सोलापुरीं पारा ४२ अंशांवर व हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा २० आहे असें धरा. अशा वेळीं ओलें फडकें गुंडाळलेला तापमापक सुमारें २४ अंश दाखवील. हे मधले अठरा अंश ही कूलरची मिळकत. चांगला कूलर त्यांतील शेंकडा ऐंशी हिस्सा पदरांत पाडतो, म्हणजे आंत येणारा वारा २८ अंशांचा असतो. तोच कूलर मुंबईस, ३३ अंश व शेंकडा ७० आर्द्रतेच्या हवेंत न्या. तो मोठ्या कष्टानें २९ अंशांवर येईल, आणि खोली मात्र पाणथळ होईल. सोलापुरीं देखील श्रावण-भाद्रपदांत त्याची अशीच गत होते. जी कोरडी हवा गिरणीची वैरीण, तीच उन्हाळ्यांत गृहस्थाची मैत्रीण आहे. शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. खिडक्या लावून कूलर चालविणें म्हणजे स्वतःच्या घराची जुनी वाफाळ गिरणी करणें होय.

वडिलांचा पक्ष येथें जिंकला असें वाटेल. परंतु पाण्याचा जमाखर्च अजून राहिला आहे. मोठ्या खोलीचा कूलर अशा दिवशीं ताशीं दहा-बारा लिटर पाणी पितो, वीज मात्र युनिटाच्या पांचव्या हिश्शाएवढीच घेतो. दीड टनी एसी पुऱ्या जोरानें चालतांना ताशीं सुमारें दीड युनिट वीज खातो. तो पाणी पीत नाहीं असें दिसतें, पण त्याची वीज पिते. औष्णिक केंद्रांना दर युनिटामागें साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा केंद्र सरकारनें २०१५ सालीं घातली; त्या मानानें एसीच्या वांट्यास ताशीं पांच लिटर येतात. सोलापूरजवळचें १,३२० मेगावॉटचें केंद्र ज्या उजनीचें पाणी घेतें, तीच उजनी सोलापूरच्या नळांनाहि पाणी पुरविते. म्हणजे पैसा आणि कोळसा वांचवावयाचा तर कूलर, पाणी वांचवावयाचें तर एसी, असा हा पेंच आहे. ज्या गांवांत नळाला काहीं दिवसांआड पाणी येण्याची संवय लोकांना झाली, तेथें रोज शंभर लिटर पाणी वाऱ्यावर सोडणें ही लहान गोष्ट नव्हे.

या पेंचांतून सोडवणूक दोहोंपैकीं कोणतेंच यंत्र करीत नाहीं. ती घरच करूं शकतें. या भागांतील जुन्या माळवदी घरांचे मातीचे जाड छत व रुंद भिंती दिवसाचें ऊन आंत पोंचूं देत नसत. आजचा चार-पांच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर तो ताप खालीं सोडतो. मग आपण तोच ताप यंत्र लावून, पैसे मोजून, बाहेर काढीत बसतों.

माझा निवाडा मी त्या विद्यार्थ्यास असा कळविला : गच्चीला पांढरा चुना द्या, पश्चिमेच्या भिंतीला व्हरांडा काढा, बैठकीच्या खोलींत कूलर बसवा व तो चैत्र ते ज्येष्ठ, गरजेपुरताच, चालवा, आणि निजण्याच्या एका खोलींत लहानसा एसी ठेवा, दमट रात्रींसाठीं व आजारी माणसासाठीं. त्याचें उत्तर आलें कीं वडील व पत्नी दोघांनाहि हें मान्य आहे. अडचण एकच, व्हरांड्याच्या जागेवर मोटारीचा निवारा आधींच आंखून ठेवलेला आहे. मीं त्यास लिहिलें, निवारा पश्चिमेच्या भिंतीलाच लागून बांधा. मोटारीवर पडणारी सावली भिंतीवरहि पडेल.