केसपेपरचे राखणदार

आपल्याकडे सरकारी इस्पितळात जाणाऱ्या माणसाला डॉक्टरांच्या आधी एका खिडकीचे दर्शन घ्यावे लागते. तेथे केसपेपर निघतो. हा कागद लिहिणारा व सांभाळणारा मनुष्य म्हणजे एक कारकून, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु या कागदामागे एका स्वतंत्र व्यवसायाचा इतिहास उभा आहे, आणि त्याचा बराचसा भाग अमेरिकेत घडला.

बोस्टनचे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल १८२१ साली सुरू झाले. रुग्णांची हकिकत तेथे पहिल्यापासून लिहून ठेवीत. पण लिहिणे वेगळे आणि लिहिलेले हवे तेव्हा सापडणे वेगळे. १८९७ साली ग्रेस व्हायटिंग मायर्स या बाई तेथे ग्रंथपाल म्हणून आल्या आणि या दप्तराची व्यवस्था त्यांच्याकडे आली. ग्रंथालयाची शिस्त त्यांनी रुग्णांच्या कागदांना लावली.

मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकमध्ये अडचण निराळी होती. तेथे प्रत्येक डॉक्टरची वही स्वतंत्र. एक रुग्ण चार डॉक्टरांकडे गेला की त्याचे दुखणे चार वह्यांत विखुरले जाई. हेन्री प्लमर यांनी १९०७ साली प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक दिला आणि त्याचे सर्व कागद एकत्र ठेवण्याची पद्धत घातली. तोपर्यंत वही डॉक्टरची होती. आता नोंद रुग्णाची झाली. बदल दिसायला लहान, पण दृष्टी पालटून टाकणारा होता.

मात्र कागद नीट राहू लागले की ते बोलूही लागतात, आणि त्यांचे बोलणे सर्वांनाच रुचते असे नाही. बोस्टनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांचा आग्रह असा की, शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले ते पाहावे, लिहावे आणि जाहीर करावे. मोठ्या हॉस्पिटलात हे पटेना. तेथे बढती ज्येष्ठतेवर मिळे, गुणावर नव्हे. म्हणून १९१४ साली त्यांनी राजीनामा दिला. स्वतःच्या लहानशा रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात बाहेर पडलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला, आणि त्यात आपल्याकडील १२३ चुका स्वतःच मांडल्या. व्यवसायबंधूंच्या रोषाला ते पात्र झाले. १९४० साली ते वारले, तेव्हा त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही बसला नाही. तो बसायला २०१४ साल उजाडावे लागले.

पण त्यांचा विचार मेला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने १९१७ साली रुग्णालयांसाठी किमान कसोटी ठरवली. प्रत्येक रुग्णाची अचूक व पूर्ण नोंद, आणि ती सहज सापडेल अशी ठेवलेली, हे त्या कसोटीचे एक अंग होते. नंतर शंभर व त्याहून अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली. उतरली अवघी ८९! नापासांत नामांकित संस्थाही होत्या. ही यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून ऑक्टोबर १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील भट्टीत ती जाळून टाकण्यात आली. सत्य किती जड असते ते यावरून समजावे.

यादी जळाली, पण कसोटी राहिली; आणि ती पार करायची तर जाणकार माणसे हवीत. १९२८ साली बोस्टन येथे नोंद-ग्रंथपालांची संघटना स्थापन झाली, आणि मायर्सबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पुढे शिक्षणक्रम आखले गेले, परीक्षा आल्या. १९९१ साली या संघटनेने आपल्या नावात 'आरोग्य-माहिती व्यवस्थापन' हे शब्द घेतले. कागदाची जागा संगणक घेऊ लागला होता.

आज एखादा तरुण वा तरुणी हा व्यवसाय पत्करते, तेव्हा रोगांची परिभाषा, वर्गीकरणाचे संकेतांक, कायदा आणि संगणक एवढे सारे शिकावे लागते. परंतु खरी परीक्षा ज्ञानाची नाही, सचोटीची आहे. रुग्णाचे गुपित बाहेर जाऊ द्यायचे नाही, आणि रुग्णालयाची चूक आत दडू द्यायची नाही, ही दोन्ही व्रते एकाच माणसाने सांभाळायची असतात. रोग्याला बरे करणारा हात आपल्याला दिसतो. तो हात खरोखर बरे करतो की नाही, हे मात्र खिडकीमागच्या त्या माणसाच्या नोंदीवरूनच कळते.