लुक अप म्हणजे काय? मराठी अर्थ आणि वापर

आयफोनवर एखादा शब्द दाबून धरला की कॉपीच्या रांगेत 'लुक अप' असा पर्याय दिसतो. बऱ्याच जणांना वाटतं, म्हणजे 'वर बघा'. तोही अर्थ आहे, पण इथे तो लागू होत नाही.

इथे लुक अप म्हणजे डिक्शनरी, यादी किंवा वेबसाइटमधून नेमकी माहिती शोधून काढणे. मी त्याला मराठीत 'बघून घेणे' म्हणेन. 'गाडीची वेळ बघून घे' म्हणतो ना आपण, तसंच. हरवलेली चावी शोधताना मात्र 'लुक फॉर' वापरायचं. चावी कुठे पडलीय हे कुठल्या यादीत थोडंच लिहिलेलं असतं!

आता वाक्यातली जागा. गडबड होते ती इथेच. 'आय लुक्ड अप द वर्ड' आणि 'आय लुक्ड द वर्ड अप' दोन्ही बरोबर. पण 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'लुक इट अप'. 'लुक अप इट' चूक. पुढे 'टू' लागला तर अर्थच बदलतो, 'लुक अप टू' म्हणजे एखाद्याबद्दल आदर असणे.

जोडून लिहिलं की 'लुकअप' हे नाम होतं. एक्सेलमधलं व्हीलुकअप हेच करतं: रोल नंबर दिला की तो पहिल्या कॉलममध्ये शोधून त्याच ओळीतले मार्क आणून देतं. ब्राउझरही साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधतो, तो डीएनएस लुकअप. 2021 च्या आयओएस 15 पासून तर फोटोतल्या झाडाचं किंवा कुत्र्याच्या जातीचं नावही असं शोधता येतं. त्याला व्हिज्युअल लुक अप म्हणतात.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथे पैसे जातात. बँकेचा कस्टमर केअर नंबर लुक अप करताना सर्च रिझल्टमधला पहिला नंबर लावू नका. ठग तिथे खोटे नंबर पेरून ठेवतात. फोन उचलणारा गोड बोलून ओटीपी मागतो किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो. मी नंबर डेबिट कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या ॲपमध्येच बघतो. कुणाचे पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करा. हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. आत्ताच सेव्ह करून ठेवा, म्हणजे घाईत तोही लुक अप करायला नको.